घरची मोटार : झिलई आणि झीज

मोटार काळ्या रंगाची असावी, ती धुऊनपुसून दारांत उभी करावी, आणि सायंकाळीं रस्त्यावरचा दिवा लागतांच तिच्या टपावर त्या दिव्याभोंवतीं कोळ्याचें जाळें पसरलेलें दिसावें, हा अनुभव आतां पुष्कळ घरांस आलेला आहे. दिवसा सावलींत पाहिली तर तीच गाडी आरशासारखी असते. ऊन थेट पडलें किंवा एखादा उघडा दिवा समोर आला कीं तिचें वय एकदम दहा वर्षांनीं वाढल्यासारखें वाटतें. या जाळ्यास दुकानदार ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात, आणि तें यंत्रानें घासून काढून देण्याचा धंदा आतां तालुक्याच्या गांवींही जोरांत चालतो.

या विषयावर लासूर स्टेशनहून एका वाचक-भगिनींचें सविस्तर पत्र आमच्यापुढें आहे. घर एकत्र, चुलत्यापुतण्यांचें. गाडी काळी, दोन वर्षांपूर्वीं छत्रपति संभाजीनगरांत वापरलेली अशीच विकत घेतलेली. या बाईंचे मामंजी रोज पहाटे, स्नानापूर्वीं, जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानें ती स्वहस्तें पुसतात. जाळें दिसूं लागल्यावर घरांतील तरुण पुतण्यानें निदान केलें कीं, मामंजी गोल गोल हात फिरवितात म्हणून हीं वर्तुळें उठलीं. मामंजी म्हणतात, आपण जन्मांत गोल पुसलें नाहीं, वरून खालीं उभेंच पुसतों. वैशाखांत घरीं मुंज आहे, आणि तत्पूर्वीं गाडी यंत्राखालीं घालावी कीं नाहीं यावर दोन तट पडले आहेत. पत्राच्या शेवटीं बाई लिहितात कीं, मामंजींनीं गेल्या महिन्यापासून गाडीस हात लावणेंच सोडलें असून पहाटेचा तो अर्धा तास ते आतां ओटीवर नुसते बसून काढतात. आमच्या मतें या पत्रांतील खरी अडचण रंगाची नसून हीच आहे. परंतु तिचा मार्ग रंगाच्या शास्त्रांतूनच जातो.

तेव्हां प्रथम वर्तुळांचा निकाल लावूं. अंधार पडल्यावर मोबाइलचा दिवा लावून तो गाडीच्या टपाजवळ धरावा आणि सावकाश सरकवावा. वर्तुळें दिव्याबरोबर सरकतात असें दिसेल. तीं खरोखरच रंगावर कोरलेलीं असतीं तर जागचीं हललीं नसतीं. वस्तुतः रंगावर असतात त्या सर्व दिशांनीं गेलेल्या, केंसाहून कितीतरी बारीक अशा असंख्य रेघा. त्यांपैकीं दिव्याकडून येणाऱ्या किरणांस ज्या आडव्या पडतात तेवढ्याच चमकून आपल्या डोळ्यांपर्यंत पोंचतात, बाकीच्या आपला प्रकाश भलतीकडे फेंकतात आणि म्हणून दिसत नाहींत. दिव्याभोंवतीं सर्व बाजूंनीं अशा आडव्या रेघाच निवडल्या गेल्या कीं त्यांचें वर्तुळ होणारच. हा खेळ स्वयंपाकघरांतही पाहतां येईल. वर्षानुवर्षें घांसलेल्या स्टीलच्या डब्याचें झांकण दिव्याखालीं धरावें, म्हणजे त्यावरही असेंच जाळें उठतें. पानगळीनंतर उघड्या पडलेल्या निंबाच्या डहाळ्यांमधून रस्त्यावरचा दिवा पाहिला तर त्याभोंवतींही डहाळ्यांचीं वर्तुळें झालेलीं दिसतात, आणि निंबाला कोणी गोल गोल पुसलेलें नसतें.

याहून पुढची गोष्ट अशी. मामंजी खरोखरच वरून खालीं पुसत असले, आणि गाडीवर त्यांच्याशिवाय कोणाचाच हात फिरला नसता, तर सगळ्या रेघा एका दिशेच्या झाल्या असत्या, आणि त्या दिव्याच्या केवळ दोन बाजूंस चमकल्या असत्या. पूर्ण वर्तुळ उठलेंच नसतें. ज्या अर्थीं पूर्ण जाळें दिसतें त्या अर्थीं गाडीवर सर्व दिशांनीं, अनेक हात फिरले आहेत. त्यांत पूर्वीच्या मालकाचा हात आहे, पेट्रोल भरतांना न सांगतां फडका मारणाऱ्या पोराचा आहे, धुलाईच्या दुकानांतील आहे. आणि पुतण्यानें मित्रांसमोर गाडी नेण्यापूर्वीं कधीं बाहीनें धूळ झटकली असेल तर त्याचाही आहे. मामंजींचा वांटा या सगळ्यांत नाहीं असें नव्हे. परंतु एकट्या त्यांस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करण्यास पुरावा पुरत नाहीं.

रेघ ओढतो तो फडका नव्हे. धोतराचा जुना सुती फडका लोण्यासारखा मऊ असतो हें मामंजींचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. पण फडका आणि रंग यांमध्यें जो कण सांपडतो तो मऊ नसतो. लासूरची धूळ ही कांहीं साधी धूळ नाहीं. स्टेशन, बाजार, कापूस, मका आणि कांदा घेऊन येणाऱ्या गाड्या, उन्हाळ्यांत भेगाळलेली काळी रानें, आणि शिवनेच्या कांठची वाळू या सर्वांचा चुरा तींत असतो. हा सारा मुलूख दक्षिणेच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. त्या पाषाणांतील खनिजें कांचेइतकीं, क्वचित् तिच्याहूनही कठीण असतात. आणि त्याच्या पोकळ्यांत सांपडणारी गार व अकीक हीं तर पोलादी चाकूवर ओरखडा काढतात. मोटारीवरचा सगळ्यांत वरचा थर मात्र एक प्रकारचें प्लॅस्टिकच असतें. रात्रभर दारांत उभ्या असलेल्या गाडीवर ही धूळ बसते, आणि पहाटे तीवरून कोरडा फडका फिरतो. फडका जितका स्वच्छ तितका तो धूळ चांगली धरून ठेवतो आणि टोंकापासून टोंकापर्यंत ओढीत नेतो! दोन वर्षांत सातशें पहाटा झाल्या. जाळें उठलें नसतें तरच आश्चर्य.

आतां हा वरचा थर म्हणजे काय तें पाहूं, कारण यंत्राखालीं घालावें कीं घालूं नये हा प्रश्न सर्वस्वीं त्याच्या जाडीवर अवलंबून आहे. कारखान्यांत पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा लेप विजेच्या साह्यानें चढवितात. त्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा अगदीं पातळ थर, आणि शेवटीं रंगहीन, पारदर्शक असा ‘क्लिअर कोट’. या सर्वांची मिळून जाडी साधारणपणें १०० ते १४० मायक्रॉन भरते. एका मिलिमीटरांत १,००० मायक्रॉन असतात, आणि माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे सगळे थर एकत्र केले तरी दोन केंसांएवढे होत नाहींत. आणि त्यांतला क्लिअर कोट एकटा चाळीस-पन्नास मायक्रॉन, म्हणजे केंसाहूनही पातळ. गाडीची सारी चकाकी या थराची आहे. उन्हांतील अतिनील किरण शोषून खालच्या रंगाचें रक्षण करणारीं द्रव्यें याच थरांत मिसळलेलीं असतात. तो फार पातळ झाला तर कांहीं वर्षांनीं मराठवाड्याच्या उन्हांत पांढरा पडून पापुद्रे सोडूं लागतो, आणि मग पुनः रंग दिल्यावांचून उपाय उरत नाहीं.

मोटारींस हा पारदर्शक थर पूर्वीं नव्हता. अगदीं आरंभीं गाड्यांना बग्गीप्रमाणें व्हार्निशाचे हात देत, आणि ते वाळण्यांत आठवडे जात. १९२३ सालीं अमेरिकेंत ड्यूको नांवाचें झटपट वाळणारें लॅकर गाड्यांवर आलें तेव्हां ती अडचण संपली. त्या रंगावर घासण्याचें काम पुढें वर्षानुवर्षें चाले, आणि त्यांत भीति कमी असे. कारण वरपासून खालपर्यंत रंग एकच, घासला तर खालूनही तोच निघे. जुन्या गाड्या घासण्याचीं तीं धाडसी मतें आजच्या गाडीस लावूं नयेत. साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या कांहीं स्वस्त गाड्यांवर अजूनही क्लिअर कोट नसतो. त्याची ओळख सोपी आहे: पांढऱ्या फडक्यावर थोडें पॉलिश घेऊन कोपऱ्यांत घासावें, फडक्यास गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाहीं असें समजावें.

आमच्या भाषेंत झिलई देण्यासाठीं दोन क्रियापदें आहेत आणि तीं दोन भिन्न कृतींचीं आहेत. लासूरहून संभाजीनगरास जातांना वाटेंत दौलताबाद लागतें. त्याच्या जवळच कागजीपुरा म्हणून हातकागद करणारें गांव आहे. ज्यांच्या घरीं जुन्या पोथ्या आहेत त्यांनीं दौलताबादी कागद हाताळलेला असेल. त्याची ती गुळगुळीत कांति ‘घोटून’ आणलेली असते. गुळगुळीत दगड कागदावर दाबून फिरविला कीं तंतु चेपून एकसारखे बसतात. कागदांतलें कांहींएक कमी होत नाहीं. ‘घासणें’ ही मात्र दुसरी गोष्ट. घासण्यांत वस्तु झिजते, आणि झिजल्यामुळें चकाकते. मोटारीवरील रेघा यंत्रानें ‘भरून येतात’ किंवा ‘पुसल्या जातात’ अशी पुष्कळांची समजूत असते. तसें कांहीं होत नाहीं. रेघ म्हणजे एक सूक्ष्म चर. तो नाहींसा करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे आजूबाजूची सगळी जमीन चराच्या तळापर्यंत खालीं आणणें. यंत्र तेंच करतें.

हें ज्यांस चट्‌कन पटणार नाहीं त्यांनीं आपल्या देव्हाऱ्यांत पाहावें. चांदीच्या देवांस रांगोळीनें उजळण्याची पद्धत घरोघर होती. तीनचार पिढ्यांच्या हातांखालून गेलेला बाळकृष्ण पाहिला तर त्याचें नाक सपाट झालेलें असतें, डोळे ओळखूं येत नाहींत. खंडोबाच्या टाकांवरील घोड्याचे पाय नाहींसे झालेले असतात. कोणी एका दिवसांत त्यांस झिजविलें नाहीं. प्रत्येक सणास ते लखलखीत दिसले, आणि प्रत्येक सणास थोडे थोडे गेले. उंचवटे आधीं जातात, ही त्यांतली दुसरी शिकवण मोटारीसही तंतोतंत लागू पडते. बॉनेटवरील धारा, दारांच्या कडा, मागच्या झांकणाचे कोपरे यांवर रंग मुळांतच पातळ बसलेला असतो, आणि यंत्राचा सगळा जोर तेथेंच पडतो.

म्हणून यंत्रास हात लावण्यापूर्वीं जाडी मोजावी. त्यासाठीं हातांत मावेल असें उपकरण मिळतें. पत्र्यावर टेंकवितांच तें आंकडा दाखवितें. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र साधें उपकरण चालत नाहीं. आमच्या वाचक-भगिनींच्या पुतण्यानें, त्याचें श्रेय त्यास दिलें पाहिजे, मित्राकडून तें आणून सर्व गाडी मोजली आहे. टप ११८, उजवीकडचीं दारें ११२ ते ११६, डावें मागचें दार २६०, आणि बॉनेट ८६. हे आंकडे पाहून आम्हीं पत्र पुनः एकदां वाचलें, आणि त्यांत जातां जातां लिहिलेलें एक वाक्य सांपडलें: दुपारच्या उन्हांत बॉनेटवर धुराचे पट्टे असल्यासारखें दिसतें आणि गाडीभोंवतीं फिरलें कीं ते पट्टे सरकतात.

या दोहोंचा अर्थ असा. डावें मागचें दार केव्हां तरी ठोकून नव्यानें रंगविलेलें आहे. कारखान्याचा रंग एवढा जाड बसत नाहीं. हें दार घासण्यास भीति कमी, परंतु दुसऱ्या हाताचा रंग कधीं कधीं मऊ असतो, म्हणून जपून. बॉनेट टपापेक्षां ३२ मायक्रॉनांनीं पातळ आहे. कारखान्यांतही पत्र्यापत्र्यांत दहापंधरा मायक्रॉनांचा फरक राहूं शकतो. बत्तीसांचा फरक पाहून संशय येतो. आणि ते सरकणारे धुरकट पट्टे फडक्याचे नव्हेत. जलद गोल फिरणाऱ्या यंत्रानें, लोकरीचें पॅड लावून, घाईनें घासलें म्हणजे ते उठतात. कारागीर त्यांस ‘होलोग्राम’ म्हणतात. तात्पर्य, विकण्यापूर्वीं या गाडीचें बॉनेट कोणी तरी निर्दयपणें घासून चमकविलेलें आहे, एकदां नव्हे तर अनेकदां घासलें असावें. उपकरण सर्व थरांची एकत्र जाडी सांगतें, क्लिअर कोट एकटा किती उरला तें सांगत नाहीं. म्हणून येथें शंकेचा फायदा रंगास द्यावा. हें बॉनेट पुनः जाड कंपाउंडानें घासूं नये. अगदीं बारीक पॉलिशाचा एक हलका हात देऊन पट्टे जितके जातील तितके जाऊं द्यावे, आणि राहतील त्या रेघांसह गाडी वापरावी. टप आणि दारें यांचें काम मात्र निर्धास्तपणें करावें.

यंत्रें दोन जातींचीं. पहिलें ‘रोटरी’. त्याची तबकडी एकाच आंसाभोंवतीं गरगर फिरते. तें जलद कापतें, एके जागीं रेंगाळलें तर पत्रा तापवितें, आणि धारेवर क्षणभर टेंकलें तर रंगापर्यंत पोंचतें. आमच्याकडे खंडेनवमीच्या सुमारास शस्त्रें घासून देणारे शिकलगार फिरत. त्यांच्या चाकाचें आणि या यंत्राचें तत्त्व एकच. पोलादास तें मानवतें, केंसाहून पातळ थरास नाहीं. रोटरीवर उत्तम काम करणारे कसबी कारागीर आहेत, परंतु तें कसब वर्षानुवर्षांच्या सरावाचें आहे. दुसरें यंत्र ‘ड्युअल ॲक्शन’. त्याची तबकडी स्वतःभोंवतीं फिरतां फिरतां एका लहान वर्तुळांत डुलतही असते, जशी पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरून सूर्याभोंवतींही फिरते. डुलण्याचा हा आवांका ८, १५ किंवा २१ मिलिमीटरांचा असतो. हें यंत्र कापतें सावकाश, तापवितें कमी, आणि फार दाबलें किंवा धारेवर कलतें धरलें तर तबकडीचें फिरणें आपोआप थांबतें. घरच्या तरुण माणसानें शिकावयाचें असेल तर यावरच शिकावें. रोटरीस हात लावूं नये.

आतां प्रत्यक्ष रीत. काम सावलींत, पत्रा थंड असतांना करावें. मराठवाड्यांत चैत्र-वैशाखांत काळा पत्रा सकाळीं नऊ वाजतांच हाताला चटका देतो, आणि तापल्या पत्र्यावर कंपाउंड वाळून त्याची खपली होते. म्हणून पहाटे, पडवींत किंवा बंद खोलींत, जमिनीवर सडा घालून धूळ बसवून मग आरंभ करावा. (सडा घालण्याचा हा उपयोग आमच्या आज्यांनीं मोटारीच्या किती तरी आधीं शोधून ठेवला होता.) गाडी नीट धुऊन झाल्यावरही रंगास चिकटून राहिलेले डांबराचे, लोखंडाचे कण बोटांस खरखरीत लागतात. ते काढण्यासाठीं मळलेल्या कणकेसारखी एक माती मिळते. तिला दुकानांत ‘क्ले बार’ म्हणतात. पत्रा ओला ठेवून ती हलकेच फिरवावी. जमिनीवर पडली तर टाकून द्यावी, पुनः वापरूं नये. त्यानंतर सर्व धारा, रबरें आणि काळे प्लॅस्टिकचे भाग यांवर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावावी.

मग परीक्षेची एक जागा घ्यावी. टपावर दीड वीत लांबरुंद पुरे. तिच्यावर सर्वांत मऊ स्पंजाचें पॅड आणि सर्वांत बारीक पॉलिश वापरून पाहावें. रेघा गेल्या तर संपूर्ण गाडीस तेंच. न गेल्या तर एक पायरी वर चढावें, दोन नव्हे. वैद्य जसा पहिल्या दिवशींच जालीम मात्रा देत नाहीं तसेंच हें आहे. आणि पुष्कळ दुकानांत नेमकें उलट करतात, कारण जाड कंपाउंडानें वेळ वांचतो. बारीक पॉलिशाच्या एका हातांत साधारणपणें एखादा मायक्रॉन जातो. मधल्या प्रतीच्या हातांत दोनतीन, आणि लोकरीच्या पॅडावर जाड कंपाउंड लावलें तर चारपांच किंवा अधिकही. चाळीस मायक्रॉनांच्या पुंजींतून एका वेळीं पांच खर्च करणारा माणूस किती वेळां खर्च करूं शकेल याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. कारण पुंजीचा वरचा अर्धा भागसुद्धां पुरता खर्चून चालत नाहीं.

पॅडवर वाटाण्याएवढे तीनचार थेंब घ्यावे. यंत्र बंद असतांनाच पॅड पत्र्यावर टेंकवून तेथें चोपडावें, मग सुरू करावें. नाहीं तर पॉलिश भिंतीवर, छतावर आणि पाहुण्यांच्या अंगावर उडतें. एका वेळीं दोन फूट लांब व दोन फूट रुंद एवढाच भाग घ्यावा. पॅड सपाट ठेवून, सेकंदास इंचभर अशा मंद गतीनें आडवे व नंतर उभे हात द्यावे, प्रत्येक हात आधीच्या हाताच्या अर्ध्यावर चढलेला असावा. चार ते सहा फेरे पुरतात. वजन यंत्राचें, आपण फक्त दिशा द्यावयाची. वायर खांद्यावरून मागें टाकावी, म्हणजे ती पत्र्यावर घासत नाहीं. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशानें झाडावें, कारण निघालेला क्लिअर कोट त्यांतच सांठतो आणि नव्या रेघा पाडतो. मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्यानें भाग पुसून, आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यांत मिसळून त्यानें पुनः एकदां पुसावा आणि मग दिव्याखालीं पाहावा.

या शेवटल्या पुसण्याचें महत्त्व फार आहे. बहुतेक पॉलिशांत तेल असतें, आणि तेल रेघांत शिरून त्या तात्पुरत्या झांकतें. कांहीं दुकानें एवढ्यावरच भागवितात. गाडी घेतांना ती नव्या नवरीसारखी दिसते, आणि दोन वेळां धुतली कीं सगळें जाळें पुनः वर येतें. ज्या शहरांत २०१० सालीं एकाच खेपेस १५० मर्सिडीज गाड्या खरेदी झाल्या आणि ज्याच्या शेंद्रा वसाहतींत २००१ पासून स्कोडा गाड्यांची जुळणी होते, त्या संभाजीनगरांत झिलईच्या दुकानांची वाण नसावी हें ओघानेंच आलें. दुकानांत गाडी द्यावयाची असेल तर तीनच प्रश्न विचारावे: जाडी मोजून लिहून देतां काय, यंत्र कोणतें, आणि काम झाल्यावर आमच्यासमोर अल्कोहोलनें पुसून दाखवितां काय. या प्रश्नांनीं ज्यास राग येईल त्याच्याकडे गाडी देऊं नये. सिरॅमिक कोटिंगविषयींही तेथें पुष्कळ ऐकूं येईल. त्यानें पाणी व घाण लौकर निसटते हें खरें. परंतु ‘नऊ एच’ काठिण्य म्हणून जें सांगतात तें पेन्सिलींच्या मापाचें आहे, रत्नांच्या नव्हे; अकिकाच्या कणास तें दाद देत नाहीं.

वैजापूर तालुक्यांतून गेलेल्या समृद्धि महामार्गावर भरधाव जातांना खडे उडून पत्र्यावर जे टवके पडतात, ते कोणत्याही यंत्रानें जात नाहींत, कारण ते क्लिअर कोटाच्या पार खालीं गेलेले असतात. त्यांवर वेळींच रंगाचा ठिपका लावावा, नाहीं तर गंज धरतो. तसेंच ज्या रेघेंत नख अडकतें तीही घासून काढण्याच्या नादीं लागूं नये.

आतां पहाटेच्या पुसण्याविषयीं. तें काम मामंजींकडेच राहावें असें आमचें स्पष्ट मत आहे. रोज नेमानें गाडीकडे पाहणारा माणूस घरांत असणें हें गाडीचें भाग्य आहे. बदलावयाचें तें हत्यार. कोरड्या धुळीवर फडका कदापि फिरवूं नये, तो धोतराचा असो कीं विलायती मायक्रोफायबरचा. रोज पुसण्याची आवश्यकताही नाहीं. आठवड्यांतून एकदां धुणें पुरे. प्रथम नळीनें किंवा तांब्यांनीं भरपूर पाणी ओतून जेवढी धूळ वाहून जाईल तेवढी जाऊं द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्या. एकींत गाडीसाठीं मिळणारा सौम्य साबण, दुसरींत स्वच्छ पाणी. हातमोज्यासारखा मऊ पंचा साबणांत बुडवून टपापासून खालीं यावें, आणि प्रत्येक वेळीं तो दुसऱ्या बादलींत पिळून मग पुनः साबणांत बुडवावा, म्हणजे धुतलेली माती पुनः रंगावर चढत नाहीं. चाकें व दारांचा खालचा भाग शेवटीं, निराळ्या फडक्यानें. कपड्यांची पूड व धुण्याचा सोडा वर्ज्य. त्यांनीं रंगावरचें मेण निघून जातें. बोअरचें पाणी जड असल्यामुळें तें उन्हांत वाळूं दिल्यास पांढरे डाग बसतात, म्हणून धुणें सूर्योदयापूर्वींच उरकावें आणि मोठा, जाड पंचा पसरून पाणी टिपून घ्यावें, चोळूं नये. ही वेळ आणि ही शिस्त पहाटे उठणाऱ्या माणसासच साधते. पुतण्यानें यंत्र चालवावें, मामंजींनीं धुलाई सांभाळावी. आणि यंत्र चालविण्यापूर्वीं पुतण्यानें दिवा सरकवून तीं वर्तुळें त्यांना एकदां दाखवावीं. अधिक बोलण्याची गरज पडेल असें वाटत नाहीं.

मुंजीसाठीं काम करावयाचें तर तें निदान आठ दिवस आधीं उरकावें. टप आणि दारें एवढ्यासच नवशिक्यास दोन पूर्ण सकाळी लागतात, आणि वीज मध्येंच गेली तर तिसरी. आदल्या रात्रीं घाईनें केलेलें काम कडा उघड्या पाडतें. मुंजीच्या दिवशीं गाडीस हळदकुंकू अवश्य लावावें, परंतु बॉनेटवर न लावतां पुढच्या नंबरपाटीवर लावावें. वाळलेली हळद कोरडी चोळून काढूं नये, पाण्यानें भिजवून सोडवावी. झेंडूचे हार बांधतांना तार वापरूं नये. सुती दोऱ्यानें बांधून ते त्याच संध्याकाळीं काढावे. वाऱ्यानें हलणारी तार तासाभरांत जी रेघ पाडते तिच्यांत नख अडकतें.

पुढच्या कांचेवर वायपरनें पडलेल्या अर्धवर्तुळांविषयींही बाईंनीं विचारलें आहे. तीं मात्र खरींच वर्तुळें आहेत, दिव्याबरोबर सरकणारीं नव्हेत, आणि कांचेस हें पॉलिश चालत नाहीं. तिच्यासाठीं सिरियम ऑक्साइडची निराळी पूड लागते आणि निराळें पॅड. चालकाच्या डोळ्यांसमोरील कांच जास्त घासली तर तींतून रस्ता वांकडा दिसूं लागतो. त्याविषयीं पुढील अंकीं लिहूं; तोंवर वायपरचीं रबरें बदलून घ्यावीं आणि कोरड्या कांचेवर तीं चालवूं नयेत.